मलेरियाचं इंजेक्शन आणि नंतरचे चार आठवडे

मलेरियाच्या पेशंटला वॉर्डातून घरी सोडताना कार्डावर बहुधा तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: गोळ्या, विश्रांती आणि 'गरज वाटल्यास दाखवणे'. यातली शेवटची ओळ फसवी आहे. आर्टेसुनेटचं इंजेक्शन घेतलेल्या माणसाला ज्या दिवशी डॉक्टरची गरज असते, त्या दिवशी ती त्याला वाटतेच असं नाही. ताप जाऊन दहा दिवस झालेले असतात, तोंडाला चव आलेली असते, भेटायला आलेले पाहुणे आपापल्या गावी परतलेले असतात. मग एक दिवस जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दम लागतो. 'आजारपण मोठं होतं, अशक्तपणा राहणारच' असं म्हणून घरात नाचणीचं सत्त्व आणि डाळिंब सुरू होतं. त्याच वेळी रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटत असू शकतात.

या फुटण्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे. पण आधी इंजेक्शन कोणाला लागतं ते बघू. त्याबाबत आपल्याकडे दोन्ही बाजूंनी चुका होतात.

'गोळीनं काय होतंय डॉक्टर, सुई मारा' हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा डॉक्टर महाराष्ट्रात सापडणार नाही. खरं तर साध्या मलेरियाला सुई लागत नाही. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया असेल तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. फाल्सिपेरम प्रकारचा असेल तर तीन दिवसांचा आर्टेसुनेटयुक्त संयुक्त गोळ्यांचा कोर्स, ज्याला सगळे एसीटी म्हणतात, आणि त्यासोबत प्रायमाक्विनचा एक डोस. पेशंट शुद्धीवर आहे, खातोपितो आहे, गोळी पोटात टिकते आहे, तर एवढं पुरतं. सुई म्हणजे 'कडक' औषध आणि गोळी म्हणजे हलकं, ही समजूत डोक्यातून काढून टाका.

दुसरी चूक याहून महाग पडते. सुईची खरोखर गरज असलेला पेशंट घरी गोळ्यांवर ठेवला जातो. तो बरळतो आहे, हाक मारली तर नीट उत्तर देत नाही, झटका आला आहे, आधाराशिवाय बसता येत नाही, प्रत्येक गोळी उलटून पडते आहे, श्वास जोरजोरात चालला आहे, डोळे पिवळे झाले आहेत, लघवी फारच कमी किंवा काळपट होते आहे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं आहे. यातलं एकही लक्षण मलेरियाच्या, किंवा मलेरिया असू शकेल अशा, तापात दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लहान मूल दूध प्यायचं थांबलं किंवा सुस्त पडलं, तर तेही याच यादीत धरा. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांवर राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, त्यांनी ते जवळून पाहिलेलं असतं. सांगावं लागतं ते शहरातल्यांना. पावसाळ्यात बांधकामावरच्या साचलेल्या पाण्यानं मुंबईत मलेरिया दरवर्षी डोकं वर काढतो, पण 'व्हायरल असेल' म्हणून तीन-चार दिवस सहज जातात. फाल्सिपेरमला बिघडायला तेवढे दिवस पुष्कळ झाले.

इंजेक्शन कोणतं, हेही नातेवाइकांना माहीत असावं. गंभीर मलेरियात आज पहिली पसंती शिरेतून दिल्या जाणाऱ्या आर्टेसुनेटला आहे. हे औषध आर्टेमिसिनिनच्या कुळातलं. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या एका लष्करी संशोधन प्रकल्पात तू यूयू यांच्या गटानं १९७२च्या सुमारास एका दवण्याच्या जातभाई वनस्पतीतून आर्टेमिसिनिन वेगळं काढलं. त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण त्या कुळातलं आर्टेसुनेट हे आधीच्या क्विनाइनपेक्षा सरस आहे हे ठरलं ते आपल्या शेजारात. बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया आणि भारत या चार देशांतल्या १४६१ पेशंटवर तुलना झाली. ओडिशातल्या राउरकेल्याचं इस्पात जनरल हॉस्पिटल हे त्यातलं एक केंद्र होतं. २००५ साली आलेला निकाल असा: क्विनाइन घेतलेल्यांत शंभरामागे २२ दगावले, आर्टेसुनेट घेतलेल्यांत १५. पुढे आफ्रिकेतल्या ५४२५ मुलांवरच्या चाचणीतही आर्टेसुनेटच पुढे राहिलं. तिथे हे आकडे १०.९ आणि ८.५ होते. २०१० नंतर या बाबतीत वाद उरलेला नाही.

क्विनाइन बाद झालेलं नाही. आर्टेसुनेट हाताशी नसेल तर ते द्यावंच लागतं. फक्त त्याची राखण जास्त करावी लागते. ते ग्लुकोजच्या सलाईनमधून तासन्‌तास सावकाश द्यायचं असतं. शिरेत एकदम ढकललं तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाची लय बिघडू शकते. कानात घुंई घुंई आवाज येणं, कमी ऐकू येणं, मळमळ हे त्याचे जुने परिणाम, औषध थांबलं की बहुधा जातात. खरी भीती साखर उतरण्याची, आणि ती गरोदर बाईत जास्त. पेशंटला दरदरून घाम सुटला, तो गोंधळल्यासारखा वागू लागला, तर 'ताप उतरतोय' असं समजून स्वस्थ बसू नका, सिस्टरना साखर तपासायला सांगा. हृदयाचा आजार असेल किंवा त्यासाठी औषधं चालू असतील तर ते सलाईन लागण्याआधीच सांगायचं.

तिसरं नाव तुम्ही गावातल्या दवाखान्यात ऐकलं असेल: आर्टीथर. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं, तेलात मिसळलेलं, कमरेत द्यायचं इंजेक्शन. मोठ्या माणसाला रोज १५० मिलिग्रॅम, तीन दिवस. राष्ट्रीय सूचनांनुसार मुलांना ते देत नाहीत. त्याला जागा आहे, पण ती आपल्याकडे दिसते तेवढी मोठी नाही. रक्त न तपासता, साध्या तापाला 'मलेरियाच्या तीन सुया' टोचून पेशंटला मोकळं करण्याची पद्धत चुकीची आहे. तेलातलं औषध स्नायूतून सावकाश रक्तात उतरतं, त्यामुळे अत्यवस्थ माणसासाठी ते पहिल्या पसंतीचं नाही. आणि तीन सुयांनंतर गोळ्यांचा कोर्स दिलाच नाही तर मलेरिया उलटू शकतो.

आता वॉर्डात काय घडतं ते. आर्टेसुनेटचा डोस वजनावर ठरतो, म्हणून नर्सनं वजन विचारलं तर अंदाजे आकडा फेकू नका. किलोमागे २.४ मिलिग्रॅम, आणि २० किलोखालच्या मुलांना किलोमागे ३ मिलिग्रॅम. लहान मुलाला प्रमाणात जास्त, हे वाचून दचकायचं कारण नाही, त्यांच्या शरीराला तेवढं लागतं. नेहमीच्या व्हायलमध्ये ६० मिलिग्रॅम पावडर असते. पन्नास किलोच्या बाईला एका वेळी १२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन व्हायल. साठ किलोच्या माणसाला १४४, म्हणजे तीन फोडाव्या लागतात आणि तिसरीतलं उरलेलं टाकून द्यावं लागतं. 'उरलेलं पुढच्या डोसला वापरा ना' असं म्हणायचा मोह होतो, कारण मेडिकलमधून ती आपणच आणलेली असते. पण कालवलेलं आर्टेसुनेट तासाभराच्या आतच वापरायचं असतं. नेहमीच्या पॅकमध्ये पावडरसोबत सोडियम बायकार्बोनेटची छोटी कुपी येते. आधी पावडर त्यात विरघळवायची, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हलवायची, मग ती सलाईन किंवा ग्लुकोजनं पातळ करायची. गढूळ राहिलं तर फेकायचं. नंतर ते एक-दोन मिनिटांत शिरेतून सावकाश दिलं जातं. त्याची सलाईनसारखी बाटली लटकत नाही. 'एवढा सिरियस पेशंट आणि दोन मिनिटांत उरकलं' अशी तक्रार काही नातेवाईक करतात. ती मनातून काढून टाका. शीर सापडत नसेल तर मांडीच्या स्नायूतही देता येतं.

पहिला डोस भरती झाल्याबरोबर, दुसरा १२ तासांनी, तिसरा २४ तासांनी, नंतर गरजेप्रमाणे रोज एक. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट उठून चहा मागतो आणि घरचे घरी जाण्याची घाई करतात. तसं करू नका. पेशंट शुद्धीवर आला तरी किमान तीन डोस व्हायलाच हवेत. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेलं असलं तरी डोस कमी करावा लागत नाही. गरोदर बाईला गंभीर मलेरिया झाला तर कोणत्याही महिन्यात हेच औषध, कारण न देण्यातला धोका आई आणि बाळ दोघांनाही कितीतरी मोठा आहे.

इंजेक्शन चालू असताना थोडी मळमळ होते, चक्कर येते, तोंड कडू होतं. रक्ताच्या अहवालात यकृताचे काही आकडे थोडे वर जातात. पुरळ उठणं, चेहरा सुजणं, घसा आवळल्यासारखं वाटणं ही खरी ॲलर्जी. ती क्वचित होते, पण दिसली तर तत्काळ सांगायची. बाकी वॉर्डात जे भीतिदायक दिसतं, म्हणजे कावीळ, लघवी बंद होणं, डायलिसिसची वेळ येणं, त्यातलं बहुतेक मलेरियाचं असतं, सुईचं नसतं. 'सुई गरम पडली' हे निदान आपल्याकडे फार स्वस्त झालं आहे. तापही पहिल्या डोसबरोबर उतरत नाही, एक-दोन दिवस घेतो. औषध लागू पडतं आहे की नाही हे थर्मामीटरपेक्षा रोजच्या काचपट्टीवर, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब घेऊन केलेल्या तपासणीत, कळतं. ती रोज होते आहे ना, एवढं विचारा. आणखी एक आकडा विचारून कार्डावर लिहून घ्या: भरती होताना रक्तातल्या किती टक्के पेशींत मलेरियाचे जंतू होते. तो पुढे कामाला येतो.

आता घरी आल्यानंतरचं. आर्टेसुनेट जंतूला फार कोवळ्या अवस्थेत, तांबड्या पेशीच्या आतच मारतं. मेलेला जंतू पोटात घेऊन फिरणारी ती पेशी प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, पोचते. पाणथरी तिला लगेच मोडत नाही. आतला मेलेला जंतू तेवढा काढून घेते आणि पेशी परत रक्तात सोडते. किडक्या वांग्यातली अळी काढून वांगं पुन्हा टोपलीत ठेवावं तसंच हे. पण ते वांगं बाकीच्यांइतकं टिकत नाही. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही डागडुजी झालेली पेशी एक ते तीन आठवड्यांत फुटते. अशा पेशी थोड्या असतील तर शरीराला पत्ताही लागत नाही. खूप असतील तर त्या साधारण एकाच सुमाराला फुटतात आणि हिमोग्लोबिन धाडकन खाली येतं. क्विनाइननं हे असं होत नाही, कारण त्यात मेलेल्या जंतूसकट पेशी आधीच जाते.

म्हणजे हा परिणाम औषध बिघडल्यामुळे होत नाही, औषधानं एका झटक्यात खूप जंतू मारल्यामुळे होतो. जंतूंची टक्केवारी जितकी जास्त, तितका धोका जास्त. तो आकडा लिहून घ्यायला सांगितला तो यासाठी. २०११च्या सुमारास आफ्रिकेतून मलेरिया घेऊन परतलेल्या युरोपीय प्रवाशांत हे प्रथम ठळकपणे नोंदलं गेलं. ज्यांचा मलेरियाशी कधी संबंध आला नाही, त्यांच्या रक्तात जंतू बेसुमार वाढतात. हा नियम आपल्या माणसांनाही लागू आहे. पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत जाणारा रत्नागिरीचा खलाशी, नैरोबी किंवा लागोसला नोकरी करणारा पुण्याचा इंजिनिअर, कोरड्या जिल्ह्यातून गडचिरोलीच्या जंगलात बंदोबस्ताला गेलेला राज्य राखीव दलाचा जवान, हे सगळे त्या प्रवाशांच्याच जातीचे. अमेरिकेत हे इंजेक्शन २०२० साली मंजूर झालं, तेव्हा त्याच्या माहितीपत्रकात चार आठवडे नजर ठेवण्याची सूचना घातली गेली. आपल्याकडे ही सूचना पेशंटपर्यंत फारशी पोचत नाही. यात दोष पेशंटचा नाही, आम्हा डॉक्टरांचा आहे.

करायचं एवढंच: पहिल्या डोसपासून सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी, करून घ्यायची. चारही वेळा जमणं शक्यच नसेल तर चौदाव्या दिवसाची तरी चुकवू नका. आकडा एकटा बघू नका, मागच्याशी ताडून बघा. घरी जाताना १० असलेलं हिमोग्लोबिन चौदाव्या दिवशी ८ आलं, तर '८ म्हणजे काय, आपल्याकडे निम्म्या बायकांचं तेवढंच असतं' असं म्हणून सोडून देऊ नका. ती घसरण आहे, आणि ती कुठे थांबेल हे दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही. मधल्या काळात दम लागला, छातीत धडधडलं, ओठ-नखं फिकी पडली, लघवी कोऱ्या चहासारखी किंवा आमसुलाच्या पाण्यासारखी झाली, ताप पुन्हा आला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बऱ्याच जणांत घसरण आपोआप थांबते. काहींना रक्त चढवावं लागतं.

इथे आपल्याकडचा एक खास धोका आहे. पेशी फुटल्या की डोळे पिवळे होतात. डोळे पिवळे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हटली की माळ घालणारा, नाकात औषध टाकणारा कोणी ना कोणी पंचक्रोशीत असतोच. पेशंट तिकडे जातो, आठवडा जातो, आणि हिमोग्लोबिन ५ वर आल्यावर गाडी काढली जाते. मलेरियातून उठलेल्या माणसाचे डोळे महिन्याभरात पिवळे झाले तर ती माळेची कावीळ नव्हे, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. लोहाच्या गोळ्यांनी किंवा बिटाच्या रसानंही फुटणाऱ्या पेशी थांबत नाहीत. अशक्तपणाची सलाईन तर मुळीच लावून घेऊ नका. रक्त कमी असताना बाटलीभर पाणी शिरेत चढवून ते आणखी पातळच होतं.

दुसरी अडचण डॉक्टर बदलण्याची. मुंबईत इमारतीच्या कामावर आजारी पडलेला मजूर बरा होऊन जालन्याला गावी जातो, आणि तिथल्या डॉक्टरांना त्याच्या मलेरियाचं काहीच ठाऊक नसतं. त्यामुळे एक वाक्य पाठ करा: 'मला अमुक तारखेला मलेरियासाठी आर्टेसुनेटचं इंजेक्शन दिलं होतं.' ऐकणारा डॉक्टर पुढच्या तपासण्या त्यावरून ठरवतो. पेशी फुटण्याचा हा त्रास झाला म्हणून कार्डावर 'आर्टेसुनेटची ॲलर्जी' असं मात्र लिहून घेऊ नका. ही ॲलर्जी नाही. पुढे कधी गंभीर मलेरिया झाला तर हेच औषध लागेल, आणि त्या एका चुकीच्या नोंदीमुळे ते नाकारलं जाईल.

घरी नेलेल्या गोळ्यांबद्दल. सुईनं जंतू झपाट्यानं मरतात, पण आर्टेसुनेट शरीरातून तितक्याच झपाट्यानं निघूनही जातं. उरलेल्यांचा निकाल एसीटीच्या तीन दिवसांच्या गोळ्या लावतात, म्हणून पेशंट खाऊपिऊ लागला की त्या पूर्ण घ्यायच्या. महाराष्ट्रात दिल्या जाणाऱ्या पाकिटात सल्फाची गोळी असते. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. प्रायमाक्विन जेवणानंतर घ्या, रिकाम्या पोटी ते पोटात कळा आणतं. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ते देत नाहीत. ज्यांच्यात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं त्यांच्या पेशी प्रायमाक्विननंही फुटतात. काही आदिवासी समाज, पारशी, सिंधी यांच्यात हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. लघवी काळी होण्याची वेळ इथे उपयोगी पडते. प्रायमाक्विन सुरू केल्यापासून एक-दोन दिवसांत झाली तर संशय प्रायमाक्विनवर, गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे. आठवडा उलटून गेल्यावर झाली तर संशय वर सांगितलेल्या कारणावर. दोन्ही वेळा दवाखान्यात जायचंच आहे, पण तारीख सांगितलीत तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचेल.

ताप आला तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, मलेरियानं दमलेल्या मूत्रपिंडांना आणि प्लेटलेटना ते झेपत नाही. बरं झाल्यावर 'गेला का बघू' म्हणून मलेरियाच्या तपासणी-किटसाठी बोट टोचू नका. फाल्सिपेरमची किट जंतू मेल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवत राहते, आणि त्या रेघेपायी लोक पुन्हा औषधांचा मारा करून घेतात. पुन्हा ताप असेल तर काचपट्टी करा. रक्तदान तीन महिने बंद.

घरी जाताना कार्ड हातात आलं की ते तिथेच वाचा. त्यावर चार तपासण्यांच्या चार तारखा नसतील तर वॉर्डातून निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि घरी पोचल्यावर त्या कॅलेंडरवर लाल शाईनं मांडा.